गावचा क्लब, गावची वही: मे ते नोव्हेंबर २०२५

४ मे, रविवार

काल रात्री भुवनेश्वरला एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप घेतला. वाड्यावर फटाके फुटले. आज सकाळी दहाला आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाच्या कमिटीची बैठक होती. अकरापैकी सहा हजर, त्यातले दोन डोळे चोळत.

आमचे खजिनदार म्हणजे मास्तर, निवृत्त शिक्षक. त्यांनी सरल्या मोसमाचा हिशोब वाचला. खर्च ९ लाख ४० हजार: खेळाडूंचं मानधन ४ लाख २०, बस आणि जेवण १ लाख ३५, कोच १ लाख २०, मैदान १ लाख १०, बूट-जर्सी-चेंडू ९५ हजार, आणि नोंदणी, रुग्णवाहिका, बर्फ, पट्ट्या मिळून ६०. जमा ६ लाख १० हजार: फेब्रुवारीतली टूर्नामेंट २ लाख १०, मैदानाभोवतीचे फलक १ लाख ४५, देणग्या २ लाख १७, घरोघरच्या फेरीचे ३८. राहिले ३ लाख ३० हजार. ते दर वर्षी राहतात आणि दर वर्षी भाई भरतात. म्हणून आम्ही त्याला तूट म्हणत नाही. वहीत त्या ओळीचं नावच ‘भाईंचे’ असं आहे.

भाई खाणीवरचे जुने ठेकेदार. त्यांनी शुक्रवारी फोन केला होता. राग नाही, रुसवा नाही. ‘तीस वर्सां दिलें, आतां पुरो,’ एवढंच. मुलगा पुण्याला आहे, घराचं काम काढलंय.

बैठकीत बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग कोणीतरी म्हणालं, दुसरा भाई शोधू. नावं निघाली तीन. तिघांकडे याआधीच देवळाचं, शाळेचं आणि पंचायतीतल्या कुणाकुणाचं काम आहे. शेवटी ‘तू सोसायटीत लेजर लिहितोस, तू काय ते बघ’ म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मी सेक्रेटरी, दिवसा क्रेडिट सोसायटीत हिशोबनीस. म्हणून ही वही.

११ मे, रविवार

जुनी पत्र्याची पेटी उघडली. झुरळं, पाच ढाली, एक फुटका पंप, आणि तळाला सभासदांचं रजिस्टर.

क्लब नोंदला १९८४ साली. त्या वर्षी गोव्यात दुसरं काही सुचतच नव्हतं. ब्रह्मानंद शंखवळकरांच्या कप्तानीखाली गोव्याने लागोपाठ दुसऱ्यांदा राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेची संतोष ट्रॉफी आणली होती. आदल्या वेळची बंगालबरोबर वाटून घेतलेली, ही अख्खी. रजिस्टरच्या पहिल्या पानावर ५२ नावं. वर्गणी वर्षाला १२ रुपये, महिन्याला एक. बहुतेक खाणीवरचे कामगार, चार-पाच शेतकरी, एक पोस्टमन. दर नावापुढे महिन्यांचे बारा चौकोन आणि त्यात बारीक सही.

चौकोन वर्षागणिक विरळ होत जातात. शेवटची सही मार्च १९९६. पुढची पानं कोरी. आणि त्याच वर्षीच्या जमाखर्चात भाईंचं नाव पहिल्यांदा येतं.

मी तर समजत होतो की क्लब भाईंनी चालवायला घेतला. तसं काहीच दिसत नाही. एक माणूस देतोय म्हटल्यावर आम्ही पावत्या फाडायचं सोडलं.

१८ मे, रविवार

मास्तरांबरोबर चालत तिठ्यापर्यंत. विषय तोच. ते म्हणाले, आपलं सोड, अख्ख्या गोव्याचा फुटबॉल असाच वाढला. खरं आहे. साळगावकर, धेंपे ही खाणवाली घराणी. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच वेळा घेतली, साळगावकरने दोनदा. त्या पैशावर पोरांना नोकऱ्या मिळाल्या, मैदानं झाली, हे कोणी नाकारू नये. पण २०१२ला खाणी थांबल्या, २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, आणि डिचोली-सत्तरीत ट्रक अंगणात उभे राहून गंजले. आमच्या फलकांचं उत्पन्न त्या वर्षी निम्म्यावर आलं होतं. मधल्या २०१६ला देशाच्या फुटबॉल फेडरेशनने इंडियन सुपर लीग (आयएसएल) वर आणि आय-लीग खाली असा आराखडा काढला, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. एका उन्हाळ्यात तीन संघ. मालकाने ठरवलं की संपलं. मैदानात ओरडणाऱ्याला कोणी विचारलं नाही, विचारायची रीतही नव्हती.

१ जून, रविवार

डिचोलीला सीएकडे. दोन तास. चहा दोनदा.

मी विचारलं, क्लब गावाच्या मालकीचा करायचा तर कागदावर काय करावं? त्यांनी चार वाटा सांगितल्या आणि दोन लगेच बंद केल्या. प्रायव्हेट लिमिटेड केली तर भागधारक जास्तीत जास्त २००. गावात मतदारच त्याहून किती तरी जास्त. शिवाय इंटरनेटवरून लोकांना भाग विकून पैसे उभे करायला आपल्याकडे मुभा नाही, ते परदेशात. सहकारी संस्था करता येईल, एक माणूस एक मत तिथे आपोआप येतं, पण तिचं ऑडिट, निवडणुका, निबंधक हा संसार फुटबॉल क्लबाला झेपत नाही (मी सोसायटीतच नोकरीला आहे, मला सांगायची गरज नव्हती). कलम ८ची ना-नफा कंपनी चांगली, पण वर्षाचा कागदोपत्री खर्चच आमच्या चेंडूंइतका.

‘तुमच्याकडे १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था आहे ना? मग तीच नीट चालवा,’ ते म्हणाले. मग चष्मा वर करून विचारलं, ‘वर्गणी थकलेल्या सभासदाला मत नसतं, माहीत आहे?’ कलम १५. तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असेल तर मत नाही, सभासदांत गणतीही नाही.

मी मनात हिशोब केला. १९९६पासून कोणीच १२ रुपये भरलेले नाहीत. मी नाही, मास्तर नाहीत, अध्यक्ष नाहीत. लाखांनी देणारे भाई तर रजिस्टरात कधीच नव्हते. म्हणजे कायद्याने बघितलं तर आज या क्लबला एकही सभासद नाही. शिवाय कमिटीची यादी दर वर्षी निबंधकाकडे द्यायची असते, तीही आम्ही कित्येक वर्षं दिलेली नाही. परत येताना बसमध्ये एकटाच हसत होतो.

८ जून, रविवार

आज मिरग. पाऊस मात्र मे संपायच्या आधीच येऊन बसलाय. मैदानात घोट्याएवढं पाणी, पोरं तरी खेळतायत. चेंडू थांबतो तिथेच थांबतो.

कमिटीतल्या सगळ्यांनी जुनी थकबाकी भरली. अध्यक्षांनी पावती फ्रेम करणार म्हणून सांगितलं.

१५ जून, रविवार

गेले दहा दिवस रात्री वाचन. आज शेडमध्ये पंधरा-वीस जणांना सांगितलं. बाहेर धो धो.

सांगायला सगळ्यात सोपा एक्सेटर सिटी. इंग्लंडच्या नैऋत्येचा, कर्जात बुडालेला क्लब. २००३ला चाहत्यांच्या ट्रस्टने हातात घेतला. तेव्हा तो पाचव्या पायरीवर. जानेवारी २००५ला एफए कपात मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर जाऊन ०-० रोखलं. म्हणून सामना पुन्हा, या वेळी घरी. हरले ०-२. पण दोन सामन्यांच्या तिकिटांचा आणि टीव्हीचा वाटा कर्जफेडीला गेला. कोणी स्ट्रायकर आणला नाही.

मागून आवाज आला, ‘आमकां मॅनचेस्टर युनायटेड खंयच्यान मेळटलें?’ हशा. आपल्याला असा सामना कुठून मिळणार, हा प्रश्न खोटा नाही. नशीब कोणाच्याही दारात येतं. पण ते आलं तेव्हा कर्ज आधी फेडायचं हे ठरवणारे लोक तिथे होते, हा मुद्दा मला सांगायचा होता. नीट सांगता आला नाही. तोपर्यंत सगळे मँचेस्टरवर घसरले होते.

विम्बल्डनची गोष्ट मात्र सगळ्यांनी गप्प बसून ऐकली. २००२ला क्लब उचलून दुसऱ्या शहरात, मिल्टन कीन्सला, न्यायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला, अगदी खालच्या लीगमधून सुरुवात केली, २०११ला व्यावसायिक लीगमध्ये परत आले आणि नोव्हेंबर २०२०मध्ये जुन्या पेठेत, प्लाउ लेनवर, स्वतःच्या मैदानावर खेळले. ‘गाव हलवलं तर देव कोणाचा?’ असं एका काकीने विचारलं. याहून नेमकं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

दुसरी बाजू लपवायची नाही असं ठरवून पोर्ट्समथही सांगितलं. २००८ला एफए कप जिंकलेला क्लब, दोन वर्षांत दिवाळखोरीत, मग पुन्हा एकदा. २०१३ला चाहत्यांनी विकत घेतला, कर्ज फेडलं, २०१७ला वरच्या पायरीवर नेला. आणि त्याच वर्षी अमेरिकन उद्योगपती मायकल आयस्नरना विकला, सभासदांनी स्वतः मत देऊन. का? मैदान जुनं, दुरुस्तीला पैसे हवेत, तेवढी खोल खिशाची माणसं त्यांच्यात नव्हती. त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वाचवणं आणि वाढवणं यांना लागणारा पैसा वेगवेगळा असतो.

आपल्याकडचं काय, असं एका पोराने विचारलं. मोहन बागान १८८९चा, सभासदांचा क्लब. २०२०पासून त्याच्या फुटबॉल कंपनीचे ८० टक्के एका उद्योगसमूहाकडे आहेत. केरळात त्रावणकोर रॉयल्स स्वतःला चाहत्यांच्या मालकीचा क्लब म्हणवतो. बाकी यादी लांबत नाही.

२९ जून, रविवार

पहिली विशेष सभा. देवळाच्या सभामंडपात, कारण शेड गळते. जुन्या नियमाने १२ रुपये भरून ९६ सभासद झाले. आम्ही मुद्दाम वर्गणी वाढवण्याआधीच नावं घेतली, म्हणजे ज्यांना भरायचं त्यांनीच आकडा ठरवावा.

तीन विषय होते. जुन्या नियमात सभासद ‘गावात जन्मलेला’ हवा असं होतं. हे बदलायचं म्हटल्यावर वयस्कर मंडळी हलली. माझा स्वतःचा जन्म म्हापशाच्या इस्पितळातला, मी उभा राहून सांगितलं की अक्षरशः घेतलं तर मीही बाद. हशा झाला आणि हा विषय सुटला. कोणीतरी म्हणालं, क्लब म्हणजे काय कोमुनिदाद आहे? मला ती तुलना चावून बसली. कारण मैदान कोमुनिदादीच्याच जमिनीवर आहे. गावाने जमीन सामाईक धरायची, शेतं पावणीने (लिलावाने) द्यायची, खर्च वजा जाता उरलेला वाटा गावकारांना झोण म्हणून द्यायचा: ही व्यवस्था पोर्तुगीज येण्याआधीपासूनची. सामाईक मालकी गोंयकाराला परदेशातून शिकायची गरज नाही. पण गावकार होतो तो जन्माने, बापाकडून. बाई नाही, जावई नाही, काल आलेला नाही. आमच्या संघाचा गोलकीपर कारवारकडचा, जर्सी धुणारी काकी माहेरची पेडण्याची. जुना नियम ठेवला तर दोघंही बाहेर.

दुसरा विषय वर्गणी. एक गट म्हणाला वर्षाला ५,००० ठेवा, शंभर माणसं पुरेत. इथे मी जर्मनीचं सांगितलं. तिथे १९९८पासून नियम आहे की क्लबाच्या कंपनीत सभासदांकडे निम्म्याहून एक मत जास्त राहिलंच पाहिजे, गुंतवणूकदार कितीही मोठा असो (थोडे अपवाद सोडून). पण लाइपझिगच्या क्लबाने सभासदत्व एवढं महाग आणि अवघड ठेवलं की मत असलेले सभासद मूठभरच. अक्षर पाळलं, अर्थ गेला. शेवटी वर्षाला ६०० ठरले, म्हणजे महिन्याला ५०, आणि विद्यार्थ्याला १२०. मत सगळ्यांना एकच.

तिसऱ्या विषयावर फाटलं. पाच ट्रकांचे एक मालक आहेत, मनाने चांगले. त्यांनी दोन लाख देऊ केले. बदल्यात कमिटीवर कायमची खुर्ची आणि कोच ठरवताना शेवटचा शब्द. मास्तरांनी नम्रपणे सांगितलं की देणगीची पावती मिळेल, फलक लागेल, खुर्ची मात्र निवडणुकीने. ते उठले. ‘पयशे म्हजे, आनी मत सगळ्यांचें?’ असं म्हणून चप्पल शोधायला गेले. मंडपात शांतता. दोन लाख चालत बाहेर जाताना मी पहिल्यांदाच बघितले.

हात वर: ९६पैकी ८१ हजर, ७४ बाजूने. तीन पंचमांश लागतात. महिन्याभराच्या अंतराने पुन्हा एक सभा घेऊन शिक्कामोर्तब करायचं, असं कायद्यात आहे. रागाच्या भरात केलेला बदल महिन्याने थंड डोक्याने बघावा, ही १८६०ची अक्कल मला आवडली.

१२ जुलै, शनिवार

आयएसएल थांबली. चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलंय की फेडरेशनबरोबरचा २०१०चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपतो, पुढचं ठरेपर्यंत मोसम सुरू करता येत नाही. म्हणजे देशाच्या सगळ्यात वरच्या लीगचाही एकच भाई होता.

मास्तर म्हणाले, हे वाक्य वहीतून खोड. खोडलं नाही.

२० जुलै, रविवार

परवा लुझानच्या क्रीडा लवादाने आय-लीगचं विजेतेपद चर्चिल ब्रदर्सकडून काढून इंटर काशीला दिलं. वार्के-बाणावलीकडे आज काय वातावरण असेल ते सांगायला नको. सगळा झगडा खेळाडूंच्या नोंदणीच्या कागदांवरून. अख्खी लीग कागदावर फिरते तर आपण काय.

म्हणून आजचं काम: पोरांच्या नोंदण्या. बारा वर्षांवरची २७ पोरं आपल्याकडे सराव करतात, त्यातल्या फक्त ९ जणांची फेडरेशनच्या यंत्रणेत नोंद. फिफाचा नियम असा की खेळाडू पुढे पैसे देऊन आंतरराष्ट्रीय बदलीवर गेला तर रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. एक्सेटरला ओली वॉटकिन्स हा खेळाडू विकून जे मिळालं ते वेगळं, त्यांनी विक्रीच्या करारातच पुढच्या बदलीचा हिस्सा ठेवला होता. आपल्याकडून एक पोरगा मोठ्या अकादमीत गेला, आम्ही पेढे वाटले, कागद एकही नव्हता. आमचा कोणी परदेशी जाईल असं मी म्हणत नाही. पण रिकाम्या फायलीला पाच टक्के कोण देणार?

३ ऑगस्ट, रविवार

दुसरी सभा, वीस मिनिटांत. मंजूर. सभासद १४३.

१७ ऑगस्ट, रविवार

सगळ्यात वाईट दिवस. अंदाजपत्रक.

आम्ही पहिल्या विभागात खेळतो. नाव पहिला, पण वर प्रो लीग आहे, म्हणजे खरा दुसरा. तिथे टिकायला म्हणून गेली चार वर्षं तीन बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणतो. कमिटीने ठरवलं: या वर्षी जेवढं येणार तेवढंच खर्चायचं. मानधन ४ लाख २० वरून २ लाख ४०. बस-जेवण १ लाख १०, मैदान ८० हजार (गवत श्रमदानाने), सामान ७०, कोच आणि इतर तसेच. एकूण ६ लाख ८० हजार. दोनशे सभासद झाले आणि बाकी जमा गेल्या वर्षीएवढी राहिली तर जुळतं.

कोच म्हणाला, तुमची वही जुळेल, टीम खाली जाईल. मी म्हटलं जाऊ शकते. तो म्हणाला, ‘मग मालक झालात कशाला?’ उत्तर सुचलं नाही. आत्ता रात्री लिहिताना सुचतंय. इंग्लंडमध्ये बरी नावाचा १८८५चा क्लब, २०१८-१९मध्ये वरच्या विभागात चढला आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या घोळापायी लीगमधून काढून टाकला गेला. चढलेला संघ मोसमाची पहिली मॅचही खेळला नाही. खाली गेलेला संघ पुन्हा वर येतो. पण हे कोचला सांगून काय, त्याची नोकरी निकालावर आहे, माझी नाही.

आमचा स्ट्रायकर संध्याकाळी भेटायला आला. शेजारच्या तालुक्यातला क्लब सामन्याला दुप्पट देतोय. घरी आई आजारी. मी एनओसीवर सही केली. जाताना बूट परत देत होता, ठेवून घे म्हटलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चवथ. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला उशीर झाला, आज वही बंद.

१४ सप्टेंबर, रविवार

गेल्या आठवड्यात एका कंपनीचे अधिकारी येऊन गेले. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, तीन लाख देता येतील म्हणाले, जर्सीच्या छातीवर नाव हवं. मास्तर खूश. मी सीएला फोन लावला. खेळांचं प्रशिक्षण सीएसआरच्या यादीत बसतं हे खरं, पण स्वतःची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. छातीवर नाव हवं तर जाहिरातीच्या खात्यातून द्या. सीएसआर हवं तर मुलांच्या सरावाला द्या. आणि त्यासाठीही संस्थेला करसवलतीची १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ नोंदणी लागते, तीन वर्षांचं कामही दाखवायला लागतं. आपलं काम चाळीस वर्षांचं, कागद चाळीस दिवसांचे. अर्ज टाकलाय. अधिकाऱ्यांनी ‘कळवतो’ म्हटलं. त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

२८ सप्टेंबर, रविवार

घरचा पहिला सामना, १-१. गोल आमच्या अठरा वर्षांच्या पोराचा, चिखलात घसरत.

दोन नव्या गोष्टी. चहा-भजीचा ठेला आजवर बाहेरचा माणूस लावायचा आणि क्लबाला सामन्याचे ५०० द्यायचा. या वर्षी गावच्या स्वयंसहाय्य गटाकडे, नफ्याचा निम्मा वाटा क्लबाला. मिरची भजी मध्यंतरालाच संपली. दुसरं, शेडच्या भिंतीवर काळा फळा. वर जमा, खाली खर्च, दर रविवारी खडूने. लोक स्कोअर बघून येतात तसे फळा बघून गेले. एकाने विचारलं, रेफ्रींच्या नाश्त्याला २८० कसे? सांगितलं. पुढच्या वेळी २१० झाले.

१९ ऑक्टोबर, रविवार

नरकासुराची रात्र. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी पंचवीस फुटी पुतळा केलाय, आवाजाने भिंती हलतायत. वर्गणी किती जमली विचारलं: ८२ हजार, अकरा दिवसांत. पहाटे जाळणार. मी कपाळाला हात लावला आणि मग विचार केला, ते मागतात कसे? घरी येतात, वही पुढे करतात, शेजाऱ्याने किती दिले ते दाखवतात, आणि आठ दिवसांत पैशाचं काय झालं ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं. आम्ही तीस वर्षं एका माणसाकडे फोनवर मागत होतो.

त्याच पोरांतल्या सहा जणांना सभासद नोंदणीच्या कामाला लावलंय. दिवाळीनंतर सुरू.

२२ ऑक्टोबर, बुधवार

फातोर्ड्याला. एफसी गोवा विरुद्ध अल नस्र, रोनाल्डोचा सौदी क्लब. आमच्या गावातून एक मिनीबस भरून गेली, रोनाल्डो येणार नाही हे कळल्यावरही. १-२ हरलो, ब्रायसन फर्नांडिसच्या गोलला मात्र स्टेडियम उठलं. परतताना पोरं गप्प होती, मग एकाने हळूच विचारलं, आपला फळा त्यांच्याकडे लावला तर केवढा लागेल?

९ नोव्हेंबर, रविवार

माझी चूक. लिहून ठेवतो.

ठेल्याच्या गटाने पहिल्या दोन सामन्यांचे क्लबाच्या वाट्याचे १२,४०० दिले होते. फळ्यावर ठेल्यापुढे ते नव्हतेच. गटातल्या काकींची मुलगी बीकॉमला आहे, तिने मध्यंतरात सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं बघतो. घाम फुटला. वीस वर्षं लेजर लिहितोय, सोसायटीत एक पैसा चुकला नाही. घरी येऊन पाहिलं तर ती रक्कम सभासद वर्गणीच्या खान्यात धरलेली. बँकेत पैसे बरोबर, फळा चूक. संध्याकाळी जाऊन लाल खडूने दुरुस्त केलं आणि खाली ‘सेक्रेटरीची चूक’ लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, हे लिहायची काय गरज, लोकांचा विश्वास जाईल.

त्या संध्याकाळी अकरा पावत्या फाटल्या. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, मला माहीत नाही. संघ २-० जिंकला होता तेही आहेच.

मुलीला पुढच्या सभेत हिशोब तपासनीस म्हणून घ्यायचं सुचवणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

अर्ध्या मोसमाचा हिशोब. सभासद २११, त्यातले विद्यार्थी ४३. वर्गणी आली ९४ हजार, थोडी थकलीय. फलक १ लाख २०, देणग्या ९६ हजार, ठेला ३१. एकूण जमा ३ लाख ४१ हजार. खर्च ३ लाख ६८. उणे २७ हजार. टूर्नामेंट अजून व्हायचीय, ती नीट झाली तर निघेल. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडला तर नाही निघणार. गेल्या नोव्हेंबरात किती उणे होते ते बघायला जुनी वही काढली. तेव्हा कोणी मोजलंच नव्हतं.

गुणतक्त्यात खालून चौथे. कोच माझ्याशी कामापुरतंच बोलतो. ट्रकवाले अजून आलेले नाहीत, पण त्यांचा पुतण्या सभासद झाला, काकाला न सांगता.

आज सामन्यानंतर भाई आले. काठी घेऊन, हळूहळू. खुर्ची दिली तर बसले नाहीत, थेट फळ्यापाशी गेले आणि खालपासून वर वाचत आले. मग खिशातून ६०० काढले. मास्तरांनी पावती फाडली, क्रमांक २१२. नाव लिहिताना त्यांचा हात थांबला. पूर्ण नाव त्यांना ठाऊक नव्हतं, तीस वर्षं भाईच. भाईंनी सांगितलं, त्यांनी लिहिलं.

पावती घडी करून खिशात घातली, पुन्हा फळ्याकडे वळले. ‘हो बॉल इतलो म्हारग कित्याक? तीन बॉलांक सात हजार?’

मास्तर म्हणाले बिल आहे, दाखवतो. फाइल काढली, पेटी काढली, टेबलाचा खण उपसला. बिल मिळालं नाही. भाई म्हणाले, काही घाई नाही, पुढच्या रविवारी येईन.

उद्या संध्याकाळी दुकानात जाऊन बिलाची प्रत आणायची.